साउंडबार आणि टीव्हीची वारंवार ताटातूट : दोष यंत्राचा की जोडणीचा?

पुणे, प्रतिनिधी : दसरा-दिवाळीच्या खरेदीत नव्या टीव्हीसोबत साउंडबार घरी आणण्याची पद्धत आता शहरात चांगलीच रुळली आहे. मात्र त्याबरोबर एक डोकेदुखीही घरोघरी पोहोचली आहे. मालिका ऐन रंगात आलेली असताना साउंडबारचा आवाज नाहीसा होतो, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर क्षीण स्वरात बोलू लागतात, किंवा पडद्यावर नुसतीच ओठांची हालचाल दिसत राहते. रिमोटची बटणे दाबून पाहिली की जोडणी पुन्हा होते आणि अर्ध्या तासाने पुन्हा तुटते. त्रासलेला ग्राहक अखेर 'यंत्रच सदोष आहे' या निष्कर्षाला येतो. हा निष्कर्ष अनेकदा घाईचा ठरतो. अशा तक्रारींत दोन्ही यंत्रे धडधाकट असून त्यांच्यातील संवाद बिघडलेला असण्याची शक्यता मोठी असते. हा संवाद कोठे तुटतो, हे घरच्या घरी आणि बहुतांशी विनाखर्च शोधता येते.

हा प्रश्न केवळ चैनीचा नाही. जुन्या, खोक्यासारख्या टीव्हीत स्पीकर समोरच्या बाजूस असत आणि त्यांना पुरेशी जागाही मिळत असे. आजच्या पातळ संचात ते खालच्या किंवा मागच्या बाजूस ढकलले गेले आहेत. त्यामुळे पार्श्वसंगीत मोठे आणि संवाद अस्पष्ट, असा अनुभव येतो. ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठांसाठी साउंडबार हा बातम्या आणि संवाद समजण्याचा आधार असतो. तो मध्येच मुका झाला, तर त्यांचे टीव्ही पाहणेच थांबते.

आधी लक्षण ओळखावे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोन-तीन दिवस एका कागदावर नोंदी ठेवाव्यात. आवाज किती वाजता गेला, त्या वेळी कोणता कार्यक्रम सुरू होता, तो सेट टॉप बॉक्सवरून होता की टीव्हीतील अॅपवरून, आणि काय केल्यावर आवाज परत आला, एवढी माहिती पुरेशी आहे.

या नोंदीतून निदानाची दिशा मिळते. टीव्ही सुरू करताना जोडणी होतच नसेल, तर बहुधा सेटिंग किंवा यंत्रे सुरू होण्याचा क्रम कारणीभूत असतो. केबलला धक्का लागला किंवा टीव्ही हलवला की आवाज जात असेल, तर केबल अथवा पोर्ट सैल आहे. एखाद्याच अॅपवर किंवा जाहिरात सुरू होताना आवाज तुटत असेल, तर ध्वनीच्या स्वरूपाचा प्रश्न असतो. आवाज अडखळत, तुकड्या-तुकड्याने येत असेल आणि जोडणी ब्लूटूथवर असेल, तर रेडिओलहरींच्या गर्दीकडे पाहावे. शांत प्रसंगानंतर किंवा टीव्ही 'म्यूट' केल्यावर ठरावीक वेळाने साउंडबार बंद पडत असेल, तर तो बिघड नसून वीजबचतीची सोय असू शकते. काही काळ ध्वनिसंकेत आला नाही की अनेक साउंडबार आपोआप निद्रावस्थेत जातात. ही सोय 'ऑटो पॉवर' किंवा 'ऑटो स्टँडबाय' या नावाने मेनूत असते आणि बहुतेक ठिकाणी बंद करता येते.

एका केबलमधील दोन संभाषणे

आज टीव्ही आणि साउंडबार जोडण्याचा सर्वाधिक प्रचलित मार्ग म्हणजे एचडीएमआय केबल. या जोडणीचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा चित्र आणि ध्वनी एकाच दिशेने, म्हणजे प्लेअरकडून टीव्हीकडे, जात असत. २००९ मध्ये आलेल्या १.४ या आवृत्तीने टीव्हीकडून ध्वनी परत पाठवण्याची सोय केली. तीच 'ऑडिओ रिटर्न चॅनेल' अर्थात एआरसी. २०१७ मध्ये आलेल्या २.१ आवृत्तीने तिचे सुधारित रूप, ई-एआरसी, आणले.

एचडीएमआयच्या नेहमीच्या प्लगमध्ये १९ पिन असतात. एआरसीचा ध्वनी १४ क्रमांकाच्या पिनवरून जातो. १३ क्रमांकाच्या पिनवरून मात्र एक वेगळेच संभाषण चालते. त्यास सीईसी म्हणतात. 'मी टीव्ही, मी सुरू झालो', 'मी साउंडबार, आता आवाज मी सांभाळतो', 'आवाज वाढव', 'बंद हो' अशा आज्ञा या एकाच तारेवरून जातात आणि टीव्हीला जोडलेली सगळी यंत्रे ती तार सामायिकपणे वापरतात. चित्रासाठी एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत असताना ही आज्ञांची वाट सेकंदाला जेमतेम ४०० बिटच्या वेगाने चालते. येथे प्रत्येक यंत्राला क्रमांक मिळतो. टीव्हीचा शून्य, तर ध्वनियंत्रणेचा पाच. सेट टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक, गेमचे यंत्र अशी पाहुणेमंडळी वाढली आणि सगळी एकाच वेळी बोलू लागली, की गोंधळ होतो. ध्वनीची वाट शाबूत असूनही 'साउंडबार आहे' हेच टीव्ही विसरतो. ताटातुटीचे हे नेहमीचे कारण आहे.

सीईसी या नावाने ही सोय मेनूत सापडेलच असे नाही. सॅमसंगच्या संचात ती 'एनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिम्पलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक', पॅनासोनिकमध्ये 'व्हिएरा लिंक', तर फिलिप्समध्ये 'ईझीलिंक' या नावाने ओळखली जाते. एआरसी वापरायची तर ती टीव्ही आणि साउंडबार या दोन्हीकडे सुरू असावी लागते.

तपासणीचा क्रम

या तपासणीत एक नियम कटाक्षाने पाळावा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम किमान एक संध्याकाळ पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर आवाज सुरळीत होईलही. पण कशामुळे झाला हे कळणार नाही आणि दोष पुन्हा उद्‌भवल्यास सारे मुळापासून करावे लागेल.

१. पूर्ण वीज बंद करणे : रिमोटने बंद केलेला टीव्ही प्रत्यक्षात जागाच असतो. टीव्ही, साउंडबार आणि सेट टॉप बॉक्स यांचे प्लग भिंतीतून काढून पाच मिनिटे थांबावे. मग आधी टीव्ही सुरू करावा, त्याचे मुख्य पान दिसू लागल्यावर साउंडबार आणि शेवटी सेट टॉप बॉक्स. यामुळे यंत्रे एकमेकांची ओळख नव्याने करून घेतात.

२. योग्य पोर्ट : टीव्हीला तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले, तरी एआरसीची सोय सहसा एकाच पोर्टवर असते आणि त्यावर तसा शिक्का असतो. साउंडबारलाही 'इन' आणि 'आउट' असे दोन पोर्ट असतील, तर टीव्हीकडची केबल 'आउट' किंवा 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टमध्ये असावी. भिंतीवरच्या संचामागे अंदाजाने केबल खोचताना ही चूक सहज होते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मागचे छायाचित्र घेतल्यास पोर्टवरची अक्षरे वाचता येतात.

३. केबल : १४ क्रमांकाची पिन २००९ पूर्वी राखीव होती. त्यामुळे जुन्या केबलमध्ये ती जोडलेली असेलच असे नाही. अशा केबलवर चित्र उत्तम दिसते आणि आवाज मात्र परतत नाही. साध्या एआरसीसाठी चांगली 'हाय स्पीड' केबल बहुधा पुरते. ई-एआरसीसाठी 'हाय स्पीड विथ इथरनेट' किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड' असा उल्लेख असलेली केबल घ्यावी. नव्या सदनिकांत केबल भिंतीतील नळीतून नेलेली असते. तेथील तीव्र वळण किंवा दोन केबल जोडणारा सांधा हे दोषाचे घर ठरू शकते. चाचणीपुरती दीड-दोन मीटरची केबल भिंतीबाहेरून थेट जोडून पाहावी. तिने प्रश्न सुटला, तर दोषी कोण हे स्पष्ट होते. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक साहित्याच्या बाजारात अशी केबल सहज मिळते. घेताना खालावलेल्या किमतीपेक्षा वेष्टनावरील उल्लेख पाहावा.

४. पाहुण्यांना बाहेर काढणे : टीव्हीला केवळ साउंडबार जोडलेला ठेवावा, सेट टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक वगैरे साऱ्या केबल काढाव्यात. टीव्हीतीलच एखाद्या अॅपवर तासभर कार्यक्रम पाहावा. जोडणी टिकली, तर एकेक यंत्र परत जोडत जावे. ज्या यंत्रानंतर दोष परतेल, त्याच्या मेनूत जाऊन त्या यंत्रापुरती सीईसी बंद करावी. टीव्ही आणि साउंडबारची मात्र सुरूच ठेवावी.

५. ध्वनीचे स्वरूप : टीव्हीच्या ध्वनी मेनूत 'डिजिटल आउटपुट' या शीर्षकाखाली 'ऑटो', 'पास थ्रू', 'पीसीएम' असे पर्याय असतात. कार्यक्रम डॉल्बी स्वरूपात, मधली जाहिरात साध्या स्टिरिओत आणि पुन्हा कार्यक्रम डॉल्बीत, अशी अदलाबदल होताना साउंडबारला प्रत्येक वेळी नवे स्वरूप ओळखावे लागते आणि काही क्षण आवाज जातो. 'पीसीएम' निवडून पाहावे. आवाज स्थिर झाला, तर कारण सापडले. त्यात सभोवार ध्वनीचा परिणाम कमी होतो. पण दोनच वाहिन्यांच्या साध्या साउंडबारवर फरक फारसा जाणवत नाही. ई-एआरसी असल्यास ती तात्पुरती बंद करून साध्या एआरसीवरही चाचणी घ्यावी.

६. सॉफ्टवेअर : टीव्ही आणि साउंडबार या दोहोंचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का, हे पाहावे. टीव्ही स्वतःहून इंटरनेटवरून नवी आवृत्ती घेतो. साउंडबारसाठी अनेकदा पेनड्राइव्ह किंवा मोबाइल अॅप लागते. त्यामुळे एक पुढे आणि दुसरा मागे, अशी स्थिती होते. सारे उपाय थकल्यावरच मूळ स्थितीवर नेणारा 'फॅक्टरी रिसेट' करावा. त्याआधी सध्याच्या सेटिंगची छायाचित्रे काढून ठेवावीत.

ब्लूटूथ : सोयीचे, पण गर्दीच्या वाटेवरचे

केबल नको म्हणून अनेक जण ब्लूटूथ निवडतात. त्याची वाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातून जाते. हा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्याच पट्ट्यात घरोघरचे वाय-फाय राउटर काम करतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही. चारी बाजूंनी शेजार असलेल्या सोसायटीत टीव्हीभोवती डझनभर राउटरचे संकेत असणे नवलाचे नाही. ब्लूटूथ या पट्ट्यातील ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत मोकळी जागा शोधते. गर्दी फार झाली, की उडी चुकते आणि आवाज तुटतो.

उपाय साधे आहेत. राउटर टीव्हीच्या शेजारून किमान दोन-तीन मीटर दूर न्यावा. टीव्ही आणि मोबाइल वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ जाळ्यावर जोडावेत, म्हणजे २.४ ची वाट मोकळी होते. साउंडबार लाकडी किंवा धातूच्या कपाटात कोंडून ठेवू नये. मानवी शरीरही या लहरी शोषून घेते. त्यामुळे टीव्ही एका भिंतीवर आणि साउंडबार समोरच्या भिंतीपाशी असेल, तर मधून कोणी गेले तरी आवाज अडखळतो.

आणखी एक कारण घरातच असते. साउंडबारला पूर्वी जोडलेला एखादा मोबाइल खोलीत येताच साउंडबार टीव्हीला सोडून त्याच्याकडे वळतो. घरातील मुले बाहेरून आली की नेमका आवाज जातो, अशी तक्रार असेल, तर साउंडबारमधील जुन्या सर्व जोड्या पुसून केवळ टीव्हीची जोडी नव्याने करावी.

ब्लूटूथची एक मर्यादा मात्र दूर होत नाही. ध्वनी दाबून पाठवणे आणि पुन्हा उलगडणे यात साधारणतः १०० ते २०० मिलिसेकंदांचा विलंब होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्रामागे सुमारे १२५ मिलिसेकंदांहून अधिक रेंगाळला, की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, ते यामुळे. ब्लूटूथ गाणी ऐकण्यासाठी उत्तम. रोजच्या टीव्हीसाठी केबलच भरवशाची.

ऑप्टिकल : जुनी, पण खात्रीची वाट

एचडीएमआयचा गुंता सुटतच नसेल, तर ऑप्टिकल केबलचा पर्याय आहे. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या या पद्धतीत ध्वनी विजेऐवजी प्रकाशाच्या रूपाने जातो. तीत सीईसी नाही, यंत्रांची आपसांतील ओळखपरेड नाही. त्यामुळे भांडणालाही जागा नाही. स्टिरिओ आणि डॉल्बी डिजिटल ५.१ ती वाहून नेते. डॉल्बी ट्रू-एचडीसारखे मोठे स्वरूप मात्र तिच्या क्षमतेबाहेरचे आहे. टीव्हीच्या रिमोटची आज्ञा या वाटेने साउंडबारपर्यंत जात नसल्याने आवाज कमी-जास्त करण्यास बहुधा साउंडबारचाच रिमोट हाती ठेवावा लागतो. केबलच्या टोकावरील प्लॅस्टिकचे टोपण काढण्यास विसरू नये आणि केबल काटकोनात दुमडू नये.

वीज जाते तेव्हा

पुण्यात गुरुवार हा विजेच्या देखभाल-दुरुस्तीचा वार म्हणून परिचित आहे. वीज परत आली, की साउंडबार काही सेकंदांत जागा होतो. स्मार्ट टीव्हीला मात्र अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. साउंडबार टीव्हीला हाक मारतो तेव्हा टीव्ही अजून उठलेला नसतो आणि दोघांची गाठ पडत नाही. 'वीज जाऊन आली की बिघडते' अशी तक्रार असल्यास यंत्रे जाळणारा बिघड समजून घाबरू नये. दोन्ही प्लग काढून वर सांगितलेल्या क्रमाने सुरू केल्यास बहुधा भागते. बंद असताना बटण मुख्य फलकावरूनच बंद ठेवले, तर हा प्रसंगही टळतो.

टीव्ही आणि साउंडबार एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर असावेत. बोर्डाची पिन सैल असेल, तर क्षणभर वीज तुटून साउंडबार बंद-चालू होतो आणि दोष जोडणीचा वाटतो. जुन्या वाड्यांत व इमारतींत अर्थिंग नीट आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडत असताना यंत्रांचे प्लग आणि केबल टीव्हीची किंवा डिशची तार काढून ठेवणे हिताचे. विजेचा लोट या तारेतूनही टीव्हीत शिरतो आणि एचडीएमआय पोर्ट निकामी करू शकतो.

दोष कोणाबरोबर जातो?

एवढे करूनही ताटातूट थांबत नसेल, तर शेवटची कसोटी अदलाबदलीची. आपला साउंडबार नातेवाइकांच्या किंवा शेजाऱ्यांच्या टीव्हीला जोडून पाहावा आणि शक्य झाल्यास त्यांचा आपल्या टीव्हीला. दोष साउंडबारबरोबर गेला, तर साउंडबार दुरुस्तीस द्यावा. तो घरीच राहिला, तर टीव्हीचा पोर्ट संशयित. दोन्ही यंत्रे परक्या घरी नीट चालली आणि एकत्र आल्यावरच अडली, तर तो दोन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधील बेबनाव समजावा. त्यावर नवी सॉफ्टवेअर आवृत्ती किंवा ऑप्टिकल केबल हाच मार्ग. या कसोटीचा निष्कर्ष हाती असला, की 'टीव्हीवाल्यांना विचारा', 'साउंडबारवाल्यांना विचारा' ही टोलवाटोलवी थांबवता येते.

ग्राहकाचा हक्क

ग्राहक चळवळीचे पुण्याशी जुने नाते आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची स्थापना याच शहरात केली. त्यानंतर १२ वर्षांनी, १९८६ मध्ये, देशाला पहिला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आहे.

हमी काळात दुरुस्तीची मागणी करताना बिल, हमीपत्र आणि वर उल्लेखिलेली नोंदवही जवळ ठेवावी. बिघड दिसत असतानाचे मोबाइलवरील छोटे चित्रण तंत्रज्ञाला दाखवता येते. तो घरी आल्यावर आवाज हमखास सुरळीत असतो, हा सर्वांचाच अनुभव. तक्रार लेखी किंवा ई-मेलने करून तिचा क्रमांक घ्यावा. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो. ग्राहक जेथे राहतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क आकारले जात नाही.

दुरुस्त होण्यापलीकडे गेलेला साउंडबार घंटागाडीत टाकू नये. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याबाबतचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू असून असे साहित्य अधिकृत संकलकाकडेच जावे, असे अपेक्षित आहे. तथापि ती वेळ येण्यापूर्वी एक केबल, एक सेटिंग आणि पाच मिनिटांची वीजबंदी एवढी परीक्षा प्रत्येक साउंडबारला द्यावी. एरवी चांगले यंत्र टाकून नवे आणले, तरी बिघडलेली जोडणी घरात तशीच राहते आणि महिनाभरात नवा साउंडबारही जुन्याचीच तक्रार सांगू लागतो.